जेमिनी प्रोटोकॉल इतका साधा, मग त्यात टीएलएसची सक्ती कशाला?

तुमची तक्रार रास्त आहे. जेमिनी म्हणजे वेबसारखीच, पण मुख्यतः साध्या मजकुराची पानं पोचवायची पद्धत (गूगलचं एआय नव्हे), आणि टीएलएस म्हणजे वाटेतला संवाद कुलूपबंद करणारा थर. जेमिनीची विनंती म्हणजे जास्तीत जास्त १०२४ बाइटांची एक यूआरएल. उत्तर म्हणजे दोन आकडी स्टेटस असलेली एक ओळ आणि खाली मजकूर. हौशी माणूस सुट्टीच्या दिवशी क्लायंट, म्हणजे पानं मागवून दाखवणारा प्रोग्राम, लिहून मोकळा होतो. पण त्याखालचं टीएलएस स्वतः लिहायला कोणी शहाणा बसत नाही. टीएलएस १.३चा आरएफसी, म्हणजे त्याच्या नियमांचा दस्तऐवजच, दीडशेहून जास्त पानांचा आहे! म्हणजे तयार लायब्ररी आली, आणि ती न पेलणारी जुनी मशीन बाद झाली. साधेपणा आहे तो क्लायंट लिहिणाऱ्यापुरता.

तरी मला ही सक्ती पटते. गुप्तता हे मात्र त्याचं मोठं कारण नाही. तुम्ही कोणत्या होस्टकडे निघालात हे एसएनआयमुळे (जोडणीच्या सुरुवातीला उघडं पाठवलेलं सर्व्हरचं नाव) वाटेत सहसा दिसतंच, आणि पानं सगळ्यांना खुली असल्यामुळे किती बाइट आले एवढ्यावरून कोणतं पान वाचलंत याचा अंदाजही बांधता येतो.

खरा फायदा असा, की मजकुरात वाटेत कोणाला हात घालता येत नाही. १९९१चा गोफर हा असाच साधा, जुना प्रोटोकॉल पोर्ट ७० वरून सगळं उघडं पाठवतो. मधल्या कोणी एखादी ओळ बदलली तर वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शिवाय जेमिनीच्या उत्तरात मजकुराची लांबी दिलेली नसते, कनेक्शन बंद झालं की पान संपलं. मग पान खरंच संपलं की मध्येच तुटलं? ते टीएलएसच्या ‘क्लोज नोटिफाय’ संदेशावरून कळतं. क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे वाचणाऱ्याची ओळख पटवणारं डिजिटल ओळखपत्र, असल्यामुळे कुकी आणि पासवर्डही लागत नाहीत. प्रोटोकॉल एवढा आटोपशीर दिसतो, कारण बरीच कामं टीएलएसच्या गळ्यात घातली आहेत.

मला खटकतो तो ‘टोफू’, म्हणजे पहिल्या भेटीत मिळालेल्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवून ते लक्षात ठेवायचं. सर्व्हरवाल्याने दर तीन महिन्यांनी नव्या किल्लीचं सर्टिफिकेट काढलं की प्रत्येक वेळी इशारा येतो, आणि लोक न वाचता ‘हो’ दाबायला शिकतात. त्यापेक्षा लांब मुदतीचं स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट बरं.

नुसता खुला मजकूर जुन्या मशीनवरून लोकांना द्यायचा असेल, तर खुशाल गोफर किंवा पोर्ट ३०० वरचा स्पार्टन हा तसाच प्रोटोकॉल वापरा, त्यांत टीएलएसची सक्ती नाही. लॉगिन लागणार असेल तर जेमिनीच घ्या.