प्रोटीनच्या डब्यासाठी एसआयपी थांबवायची का?

ताई, तुमच्या पत्राचा गोषवारा असा: घरात चौघं, दोघांचा मिळून पगार ५२ हजार. मिस्टरांनी जिम लावली आणि ट्रेनरने महिन्याला २,८०० रुपयांचा पावडरचा डबा सांगितला. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची ३,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं) थांबवावी का, असं विचारलंय. सोबत महिन्याचा खर्च आणि रोजचं जेवण लिहून पाठवलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं गेलं.

थांबवू नका. एसआयपी तर नाहीच.

आधी गरज किती ते बघू. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. मिस्टर व्यायाम करतात म्हणून त्यांना मी १.२ धरले. चौघांचे मिळून सव्वादोनशे ग्रॅम होतात. तुमच्याकडे रोज ८०० ग्रॅम कणीक, ३०० ग्रॅम तांदूळ, लिटरभर दूध आणि अर्धी वाटी तूरडाळ लागते. यातून १६० च्या आसपास मिळतात. यात पोळीचा वाटा सगळ्यात मोठा आहे. तूट राहते ६५ ग्रॅमची.

‘वरण रोज असतंच’ असं तुम्ही लिहिलंय. पण अर्धी वाटी डाळ म्हणजे साधारण ७५ ग्रॅम. चौघांत वाटली की माणशी जेमतेम ४ ग्रॅम प्रथिनं. बाकी पाणी आणि फोडणी! तेव्हा पहिला बदल तिथेच करा, डाळ एक वाटी घ्या. वाढीव खर्च दिवसाला ११ रुपये, प्रथिनं १६ ग्रॅम. दुसरं, चार अंडी: २८ रुपये, २५ ग्रॅम. सासूबाई अंडं खात नाहीत, तर त्यांच्या वाट्याचं मिस्टरांना. तिसरं, एक दिवस मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, दुसऱ्या दिवशी पिठलं, असं आलटून-पालटून रोज. चौघांना १०० ग्रॅम कडधान्य किंवा बेसन, १० रुपयांत २० ग्रॅम. वर मूठभर भाजलेले शेंगदाणे, ४ रुपये. झाले ५३ रुपये आणि ६७ ग्रॅम. महिन्याला १,६०० च्या आत.

डब्याचं काय? दिवसाला ९३ रुपयांत २४ ग्रॅम, तेही एकट्या मिस्टरांना. पावडर वाईट असते असं मी म्हणत नाही. ज्याला जेवणातून पुरेसं जमतच नाही त्याला तिचा उपयोग आहे. तुमच्याकडे तशी वेळ आलेली नाही. (पनीरही हौसेने आणा, पण प्रथिनांच्या भावात ते कडधान्याच्या चार-पाचपट महाग पडतं. सोयाबीनच्या वड्या सगळ्यात स्वस्त, मुलीला चव चालली तर.)

१,६०० आणायचे कुठून? तुमच्याच यादीत बिस्किटं-फरसाण १,४०० आणि रविवारची बाहेरची ऑर्डर २,२०० आहे. पहिलं निम्म्यावर आणा, दुसरं महिन्यातून दोनच रविवार. १,८०० सुटतात.

आता यादीत नसलेला खर्च. कडधान्य भिजत घालणं, मोड आणणं, अंडी उकडून सोलणं हे सगळं सकाळी साडेसहाला कोण करणार? तुम्हीही नोकरी करता. हे काम तुमच्या एकटीच्या अंगावर पडलं तर तिसऱ्या आठवड्यात डबाच घरात येईल, हे मी अनेक घरांत पाहिलंय. प्रथिनं मिस्टरांना हवीत, तर रात्री मटकी भिजत घालणं आणि सकाळची अंडी त्यांच्याकडे. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, रोज घालायची गरज नाही. नवा हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो तेव्हा वर्षाचा भरून ठेवा, मात्र क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर नको.

सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांच्या ताटात प्रथिनं वाढवण्याआधी किडनीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा.

आणि एसआयपी: ३,००० प्रमाणे पाच वर्षं, सरासरी १० टक्के परतावा धरला तर १ लाख ८० हजारांचे २ लाख ३४ हजारांच्या घरात जातात. परताव्याची हमी नाही, कमीही मिळू शकेल. मुलगी आत्ता सातवीत आहे, म्हणजे बारावी होईपर्यंत तेवढाच वेळ हातात आहे. ती दहावीला पोहोचली की जमलेली रक्कम एकदम न काढता टप्प्याटप्प्याने एफडीत वळवायला लागा.