तिरळेपणामुळे मेंदूचं काम बदलतं का? ऑपरेशननंतर ते पूर्ववत होतं का?

लहानपणापासून तिरळेपणा असेल तर बहुतेकदा मेंदूला वेगळा आजार झालेला नसतो. त्याने तडजोड केलेली असते. दोन डोळे दोन दिशांना वळले की एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा मेंदूकडे जातात. मोठेपणी तिरळेपणा आला तर माणसाला दोन-दोन दिसतं. लहान मुलाचा मेंदू मात्र एका डोळ्याचे संदेश दाबून टाकतो. याला सप्रेशन म्हणतात. म्हणूनच मूल तक्रार करत नाही आणि उपचाराला उशीर होतो.

मेंदूचे संशोधक ह्यूबेल आणि वीझल (1981चं नोबेल) यांनी मांजरीच्या पिल्लांच्या डोळ्याचा एक स्नायू कापून तिरळेपणा आणला होता. एरवी दृष्टीच्या कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थराचा पाहण्याचं काम करणारा भाग) सुमारे 80 टक्के पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात. या पिल्लांत त्या सुमारे 20 टक्क्यांवर आल्या. खोलीची, म्हणजे वस्तू किती जवळ-लांब आहे याची जाण याच पेशींवर अवलंबून असते. त्यामुळे तिरळेपणा असूनही आलटून-पालटून दोन्ही डोळे वापरणाऱ्यांची नजर तीक्ष्ण असली तरी थ्रीडी चाचणीत ते अडखळतात. सतत एकच डोळा तिरळा राहिला तर तो 'आळशी' होतो (अँब्लायोपिया). फंक्शनल एमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) त्या डोळ्याने पाहताना कॉर्टेक्सचा प्रतिसाद मंद दिसतो. अर्थात हे गटांच्या सरासरीचे निष्कर्ष आहेत, त्यावरून कुणा एकाचं निदान होत नाही. त्यासाठी स्कॅन काढत बसू नका.

ऑपरेशनमध्ये स्नायू काही मिलिमीटर मागे सरकवतात किंवा आखूड करतात. डोळा सरळ होतो, पण सप्रेशनची सवय आपोआप सुटेलच असं नाही, आणि आळशीपणा तर ऑपरेशनने जात नाही. म्हणून सहसा आधी चष्मा (प्लस नंबरमुळे आत वळलेला डोळा कधीकधी तेवढ्यानेच सरळ होतो), मग चांगल्या डोळ्यावर पट्टी: मध्यम आळशीपणात साधारण रोज 2 तास, तीव्र असेल तर 6. पट्टी त्वचेलाच चिकटवा. चष्म्याच्या काचेवर लावली तर मूल कडेने डोकावतं आणि सगळी मेहनत फुकट जाते. तपासणीच्या तारखा चुकवू नका. पट्टी जास्त झाली तर चांगल्याच डोळ्याची नजर उतरू शकते.

साधारण 7-8 वर्षांपर्यंत मेंदू सर्वांत लवचीक असतो. पुढेही नजर सुधारू शकते, पण कमी आणि हळू. बाळाचा डोळा 4 महिन्यांनंतरही वळत असेल तर 'मोठेपणी जाईल' म्हणून थांबू नका.

मोठ्या माणसाला अचानक दोन-दोन दिसू लागलं, सोबत पापणी पडली किंवा डोकं जोरात दुखू लागलं, तर वरचं काही लागू नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.