रोव्हरच्या प्रतिकृतीत हवामानाची उपकरणे कोठे बसवावीत?

चाळीसगावच्या शालेय प्रदर्शनासाठी क्युरिऑसिटी रोव्हरची एकास दहा प्रमाणातील प्रतिकृती करताना हवामानाची उपकरणे नेमकी कोठे दाखवावीत, असा आपला प्रश्न आहे. ६ ऑगस्ट २०१२ रोजी मंगळावर उतरलेल्या या रोव्हरवरील ‘रेम्स’ हा हवामान मोजणारा उपकरणसंच स्पेनने पुरवला. त्याच्या दोन छोट्या भुजा कॅमेऱ्याच्या खांबावर जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर आहेत. आपल्या प्रतिकृतीत ही उंची १५ सेंटिमीटर येईल. दोन्ही भुजा समोरासमोर नसून त्यांच्यात १२० अंशांचा कोन आहे, आणि बहुतेक प्रतिकृती चुकतात त्या इथेच. अगरबत्तीच्या काड्या यासाठी पुरेशा होतात.

वारा आणि हवेचे तापमान यांचे संवेदक दोन्ही भुजांवर आहेत, आर्द्रतेचा मात्र पुढे रोखलेल्या भुजेवर. दुसऱ्या भुजेवरील अवरक्त संवेदक जमिनीला स्पर्श न करता तिचे तापमान घेतो. हवा आणि जमीन यांची तापमाने वेगळी का मोजावीत, हे वैशाखात भुसावळला अनवाणी चाललेल्यास सांगावे लागत नाही. अतिनील किरणांचा संवेदक रोव्हरच्या पाठीवर असून, धूळ बाजूला ओढण्यासाठी त्याच्या प्रकाशग्राहकांभोवती चुंबके बसवलेली आहेत. दाबमापक पोटात असल्याने तो दिसणार नाही; बाहेरच्या हवेशी जोडणाऱ्या नळीचे तोंड तेवढे दाखवावे.

उतरताना एका भुजेवरील वारामापक बिघडला, बहुधा उडालेल्या खड्यांमुळे. प्रतिकृतीत तो शाबूतच ठेवावा, परीक्षकांना मात्र आवर्जून सांगावे.