वेळ कमी पडतोय, पण नेमका कोणाला?

प्रश्न : नव्या नोकरीमुळे मी सकाळी आठला निघते आणि संध्याकाळी सातला परत येते. नवरा महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असतो. आठ वर्षांची मुलगी शाळेनंतर आजीकडे थांबते. घरात तीन वर्षांचा कुत्रा, नऊ वर्षांची मांजर आणि सशांची जोडी आहे. कुत्र्याने बाहेरच्या दाराची चौकट कुरतडली आहे आणि शेजारी भुंकण्याची तक्रार करतात. ससे दिवसभर पिंजऱ्यात असतात. बहीण म्हणते, सगळ्यांना चांगली घरं बघून देऊन टाक. नवरा म्हणतो, घरातल्या जिवांना असं कोणी देतं का? माझी झोप उडाली आहे. काय करू?
– द्विधेत सापडलेली

उत्तर : ताई, तुमची बहीण आणि तुमचे यजमान दोघंही चार जिवांचा एकच निर्णय करू पाहतायत. तो तसा होणार नाही. प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडा.

रोजची मिनिटं आधी लिहू. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ ४० मिनिटं फिरवणं, १५ मिनिटं शिकवणं-खेळणं आणि १० मिनिटं खाणं, अंग पुसणं, म्हणजे १०५. मांजरीला दहा-दहा मिनिटांचे तीन खेळ आणि मातीचा ट्रे साफ करायला १०, म्हणजे ४०. सशांना दोन वेळा मिळून ३०. एकूण १७५, जवळजवळ तीन तास. ओढाताण होईल, पण मुलीने सशांचं थोडं उचललं तर जमण्यासारखं आहे. तुमची खरी अडचण या बेरजेत नाहीच. ती आठ ते सात या अकरा तासांत आहे, आणि ते अकरा तास चौघांना सारखे जड जात नाहीत.

मांजर राहू दे. नऊ वर्षांच्या मांजरीला जागेची सवय माणसाइतकीच घट्ट असते. दिवसाचा मोठा भाग ती झोपून काढते. या वयाच्या मांजरीला नवं घर मिळणंही कठीण. तिचं पाणी पिणं अचानक वाढलं किंवा वजन उतरलं, तर मात्र कामाच्या गडबडीत ते सुटू देऊ नका. महिन्यातून एकदा तिला घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा आणि तुमचं वजन वजा करा.

ससेही राहू शकतात. ते पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात, म्हणजे नेमके तुम्ही घरी असता तेव्हा. त्यांच्या बाबतीत चुकतंय ते पिंजऱ्याचं. एक कोपरा किंवा छोटी खोली जाळीने अडवा, विजेच्या तारा उचला, ट्रेमध्ये सुकं गवत भरा आणि त्यांना मोकळं सोडा. ससे गवत खाता खाता ट्रेमध्येच लेंड्या टाकतात, त्यामुळे साफसफाई उलट कमी होते. गवत मात्र कधीच संपता कामा नये. सशाचे पुढचे दात आठवड्याला साधारण २ मिलीमीटर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. आतडंही त्यावरच चालू राहतं. म्हणून निघताना आणि आल्यावर दोन गोष्टी बघा : गवत कमी झालंय का आणि लेंड्या नेहमीएवढ्या, नेहमीच्या आकाराच्या आहेत का. दहा-बारा तास सशाने तोंडाला काही लावलं नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा. आणि पुढे कधी द्यायची वेळ आलीच, तर जोडी फोडू नका.

आता कुत्रा. तुमच्या पत्रातली चौकट मला महत्त्वाची वाटते. कंटाळलेला कुत्रा चप्पल, उशी, जे सापडेल ते फाडतो, आणि तेही बऱ्याचदा झोप काढून झाल्यावर. जो फक्त बाहेर जायच्या दाराशी झगडतो, त्याला बहुतेक वेळा एकटेपणाची भीती वाटत असते. खात्री करायला फोन दाराकडे तोंड करून ठेवा आणि तुम्ही निघाल्यानंतरचा पहिला अर्धा तास चित्रित करा. पहिल्या काही मिनिटांतच धापा, लाळ, येरझाऱ्या, रडणं, दार खरवडणं सुरू झालं, तर ती भीती आहे. मग संध्याकाळचं फिरणं दुप्पट केलं तरी ती जाणार नाही. दुसरा कुत्रा आणूनही सहसा जात नाही, कारण त्याला माणूस हवा असतो. आणि घरी आल्यावर चौकटीकडे बोट दाखवून रागावू नका. तो रागाची सांगड दुपारच्या कुरतडण्याशी घालत नाही, तुमच्या येण्याशी घालतो. मग तुमच्या येण्याचीही त्याला भीती बसते.

मोठ्या कुत्र्यालाही सलग चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये, हा सर्वसाधारण दंडक. दुपारी एकदा कोणी आलं, तर अकरा तासांचे साडेपाच-साडेपाच होतात. ते पुरत नाही. दोनदा आलं, तर पावणेचारच्या आसपासचे तीन तुकडे पडतात. भीतीच असेल, तर तेवढंही पुरणार नाही. त्यावरचा उपचार म्हणजे काही सेकंदांपासून सुरुवात करून, तो घाबरायच्या आत परत येत, वेळ हळूहळू वाढवणं. गरज पडल्यास डॉक्टर औषध जोडतात. हे चालू असताना तो अधेमधे दिवसभर एकटा राहिला, तर केलेलं पाण्यात जातं. तेव्हा आजीला विचारा. मुलगी तिथे जातेच. कुत्रा दोरीला जोरात ओढत असेल, तर फिरवायचं काम आजींवर टाकू नका, त्या पडतील. नुसती सोबत पुरे.

सहा आठवड्यांची मुदत ठरवा आणि तारीख दिनदर्शिकेवर लिहा. तोवर डॉक्टरांची तपासणी, दिवसाची सोबत आणि दर आठवड्याला एक चित्रफीत. तारखेला तो एकटा असताना शांत पडून राहू लागला असेल, किंवा सोबत कायमची लागली असेल, तर तो तुमचाच. दोन्ही जमलं नसेल, तर त्याला दिवसा माणूस असलेलं घर शोधणं योग्य आहे, आणि तसं केल्याने तुम्ही निर्दय ठरत नाही. शोध मात्र आजपासूनच सुरू ठेवा. चांगलं घर मिळायला महिने जातात, आणि थकून गेलेला माणूस पहिल्या होकाराला भुलतो.

तो एखाद्या संस्थेतून आणला असेल, तर आधी तेव्हाचा करार काढून वाचा. नको असल्यास आम्हालाच परत द्या, असं कलम त्यात अनेकदा असतं. नंतर त्याला ओळखणाऱ्या माणसांना विचारा. लिहिताना दोष लपवू नका : ‘वय ३, नसबंदी झालेली, लसी पूर्ण, मुलांशी आणि मांजरीशी जमतं, एकटा राहिला की रडतो आणि दार खरवडतो, दिवसभर कोणीतरी घरी असणारंच घर हवं.’ शेवटचं वाक्य गाळलंत, तर पंधरा दिवसांत तो परत येईल, आधीपेक्षा जास्त घाबरलेला. घ्यायला येणाऱ्याला विचारा : घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का? आधीच्या प्राण्याचं काय झालं? तुम्ही आजारी पडलात तर त्याला कोण बघेल? घरातल्या सगळ्यांना भेटा, त्यांचं घर बघून या. दोन आठवडे आजमावून पाहायचे आणि जमलं नाही तर तो तुमच्याकडेच परत, हे कागदावर असू द्या. जो या प्रश्नांना वैतागतो, त्याला देऊ नका.

देताना लसीकरणाची वही, जंतांच्या औषधाच्या तारखा आणि आठवडाभराचं त्याचं नेहमीचं खाणं द्या. नवं खाणं सात दिवसांत थोडं थोडं मिसळत आणायचं. कातडीखाली ओळख पटवणारी मायक्रोचिप बसवलेली असेल, तर नोंद नव्या मालकाच्या नावावर करून घ्या. त्याची चादर न धुता द्या. पहिले काही आठवडे पट्टा आणि छातीपट्टा असे दोन्ही, दोरीही दोन. नव्या घरातून पळून हरवण्याचा धोका याच दिवसांत मोठा. पहिले तीन दिवस बावरलेले, तीन आठवड्यांत दिनक्रम, तीन महिन्यांत ते घर आपलं वाटणं, असा ढोबळ अंदाज नव्या माणसांना आधीच द्या, म्हणजे चौथ्या दिवशी त्यांचा धीर सुटणार नाही.

मुलीला ‘तो फिरायला गेलाय’ असं सांगू नका. ती रोज दाराकडे बघत बसेल. निर्णय झाला की खरं सांगा आणि सोबत जायचा एक कागद तिलाच लिहू द्या : त्याला कुठे खाजवलेलं आवडतं, फटाक्यांना घाबरतो की कुकरच्या शिट्टीला, आणि ‘चल’, ‘बस’, ‘नको’ यांतले कोणते शब्द त्याला कळतात. नव्या घरात पहिल्या रात्री ओळखीचं म्हणून त्याच्या कानावर तेवढेच शब्द पडणार आहेत.