मठ्ठ्याच्या स्टील टाकीच्या नळाला आंबूस वास येतो आणि तो थेंब थेंब गळतो, काय करावं?

भाऊ, टाकी तुम्ही रोज घासत असाल, पण नळ कधी खोलला काय? वास तिथलाच. दांड्याच्या खाचेत अन् वॉशरमागे ताकाचं लोणी, चोथा साचून कुजतो.

रोज संध्याकाळी नळ पूर्ण खोला. आधी थंड पाणी मारा. एकदम उकळतं टाकलं तर दुधातली प्रथिनं घट्ट होऊन चिकटतात. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बारक्या ब्रशने आतून घासा, लोण्याचा तेलकटपणा त्यानेच सुटतो. धुतल्यावर लगेच जोडू नका, सुटे भाग रात्रभर फडक्यावर वाळू द्या.

दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात असाल तर पांढरा थरही चढतो. त्याला लिंबूसत्वाचं पाणी, अर्धा तास. ब्लिचिंग पावडर मात्र नको, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. अन् ती आंबट पदार्थात मिसळली तर विषारी वायू निघतो.

गळती बहुधा वॉशरची. खाद्यपदार्थांसाठीचा सिलिकॉन वॉशर टाका. गोडेतेल लावू नका, खवट होते.

सगळ्यात महत्त्वाचं: नळ खरंच स्टीलचा आहे का पाहा. बाजारात पितळेवर चकाकी चढवलेले बरेच असतात. आतून पिवळा दिसला तर आजच बदला, आपल्या आज्या पितळेत ताक कळकते म्हणायच्या ते हेच. चुंबकाने ओळखू म्हणाल तर नाही जमत. पितळ चिकटत नाही, खाद्यपदार्थांच्या भांड्यांना वापरतात ते चांगलं ३०४ प्रतीचं स्टीलही जवळजवळ चिकटत नाही.