भाकर हातात घ्यायची लाज वाटते

प्रश्न : मावशी, सप्रेम सलाम. मी नाशिकरोडला राहते, वय ४१. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. अंग पुसणं, भरवणं, डायपर बदलणं सगळं माझ्याकडेच. रोज पहाटे बायबल वाचते, प्रार्थना करते आणि आठ वाजायच्या आत त्यांच्यावर खेकसते. मागे एकदा त्यांच्या हातून चहा सांडला, तेव्हा जे बोलले ते लिहवत नाही. तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे जात नाही, बाकावरच बसून राहते. इतकं वाचूनही मी तशीच. पुढे जाणं ढोंग नाही का?

उत्तर : अगं, तुझं पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. माझी आई शेवटचे अकरा महिने माझ्याकडे होती, शरणपूर रोडजवळच्या आमच्या दोन खोल्यांत. मी नर्स. तीस वर्षं परक्यांची बेडपॅन्स न कुरकुरता उचलली. पण आईनं रात्री तिसऱ्यांदा हाक मारली की दिवा लावायच्या आधीच मी ओरडायची. माझा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

‘अयोग्य रीतीने’ भाकर खाणारा दोषी ठरतो, हे वचन तुझ्या मनात रुतलंय ना? मग बायबलातलं करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय काढ आणि सतराव्या वचनापासून वाच. ते पत्र लिहिणारा पौल तिथे कोणावर रागावलाय? मंडळीत आधी स्वतःचं जेवण उरकणाऱ्यांवर. त्यांच्यापायी कोणी उपाशी राहत होतं, गरिबाला मान खाली घालावी लागत होती. स्वतःच्या चुकीनं रडणाऱ्या सुनेवर तो रागावलेला नाही. आणि अठ्ठाविसाव्या वचनात तो सांगतो, माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून बाकावर बसावं, असं नाही. तू अर्धंच वचन पाळते आहेस. येशूच्या त्या शेवटच्या भोजनाला त्याचा शिष्य पेत्रही होता. तो आपल्याला तीनदा नाकारणार, हे येशूनं त्याच रात्री त्याला सांगितलं. तरी त्याला पंगतीतून उठवलं नाही.

‘मी तशीच’ म्हणतेस. माझा भाचा पिंपळगावला द्राक्षं करतो. एप्रिलात खरड छाटणी झाली की बागेत नुसते ओलांडे, म्हणजे वेलीचे जाड आडवे फाटे, उरतात. मग नवी काडी फुटते, पानं येतात, पण घडाचा पत्ता नसतो. पुढच्या हंगामाचा घड मात्र त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यात आत घडत असतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर दिसतो. या मधल्या काळात भाचा बाग वाऱ्यावर सोडत नाही, उलट तेव्हाच जास्त जपतो. तुझं पहाटेचं वाचन तसंच जप. थकली असशील तर एकच वचन वाच.

सासूबाईंची क्षमा मागितलीस का? नसेल तर आजच माग, त्यांना नीट ऐकू येईल असं जवळ बसून. ‘तुम्ही पण ना’ असं पुढे जोडू नकोस. उद्या परत आवाज चढला, तर परत माग.

तुझ्या पत्रात नवऱ्याचा उल्लेख एकदाही नाही, हे मला खटकलं. आई त्यांची आहे. आठवड्यातल्या तीन रात्री त्यांनी उठायचं, हे स्पष्ट सांग. बायबलातला एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग परत खायला उठवलं. तुझी झोप पुरी होत नाही, आणि त्यातला थोडा राग तिथूनच येतो. सगळा नाही, पण थोडा.

येत्या प्रभुभोजनाला पुढे जा. एकटीला धीर होत नसेल तर पाळकसाहेबांना आदल्या दिवशी भेट, सगळं सांग.

आणि सासूबाईंना चहा कोमट आणि अर्धा कप दे, दोनदा. सांडला तरी भाजत नाही, गादीही फारशी भिजत नाही.