पाटल्या राहू द्या, आधी ऑफर लेटर मागा

पत्र :
सर, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातून लिहितेय. मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. लोट्याला एमआयडीसीत वर्षभर ॲप्रेंटिस केली, आता चिपळुणात एका कंत्राटदाराकडे १४ हजारांवर जातो. त्याला दुबईचं काम आलंय. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट, पगार १८०० दिरहॅम. एजंट माझ्या नणंदेच्या नात्यातला आहे. तो १ लाख ६० हजार मागतो. म्हणतो, आता व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, तिकडे पोचल्यावर कंपनी व्हिसा लावेल. मी पाटल्या गहाण ठेवून ९० हजार उभे करते, बाकीचे ७० हजार गावातले एकजण शेकडा तीनने द्यायला तयार आहेत. मुलगा कधी मुंबईपलीकडे गेलेला नाही. जायची तयारी काय काय करायची? बरोबर काय द्यायचं?

उत्तर :
ताई, नमस्कार.

बरोबर काय द्यायचं ते शेवटी सांगतो. पाटल्या मात्र आज कपाटातच राहू द्या, आणि त्या ७० हजारांना आजच नाही म्हणा. शेकडा तीन म्हणजे महिन्याला २१०० रुपये नुसतं व्याज. मुलाचा पहिला पगार हातात येईपर्यंत दोन-अडीच महिने सहज जातात.

मुलाने जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. कोकणातली कितीतरी घरं आखातातल्या पैशावर उभी राहिली, आणि मी आयटीआयमध्ये निदेशक असताना माझ्या हाताखालून गेलेली बरीच मुलं तिकडून चांगली कमावून आली. पण ती पुढच्या दाराने गेली होती. तुमच्या पत्रातला रस्ता मागच्या दाराचा आहे.

आधी पैशाचं बघू. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. परवाना असला तरी तो उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो, तेही पावती देऊन. तुमचा एजंट त्याच्या साडेचारपट मागतोय. तो म्हणेल, व्हिसा वेगळा, तिकीट वेगळं. पण दुबई ज्या देशात येते त्या संयुक्त अरब अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा सांगतो की भरतीचा आणि कामावर घेण्याचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून तो सरळही काढायचा नाही आणि आडवळणानेही नाही. मग हे १ लाख ६० हजार नेमके कशाचे?

नणंदेच्या नात्यातला माणूस आहे, तोंडावर कसं विचारायचं, ही अडचण मला कळते. एक युक्ती सांगतो. ‘बँकेत कर्ज मागितलं, त्यांना तुमच्या परवान्याचा नंबर आणि कंपनीचं ऑफर लेटर हवंय’ असं म्हणा. वाईट बँकेला लागेल, नणंदेला नाही. नंबर मिळाला तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो टाकून बघता येतो. पोर्टल जमत नसेल तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवन आहे, तिथे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचं कार्यालय आहे, मुलाने तिथे जाऊन विचारावं. नंबरच मिळाला नाही, किंवा ‘मी मुंबईच्या मोठ्या एजंटाचा माणूस आहे’ असं उत्तर आलं, तर विषय संपला. कायद्यात सब-एजंट नावाचा प्राणी नाही.

आणखी एक गोष्ट. मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन म्हणजे दहावी पास असणार, त्यामुळे त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (कामाला बाहेर जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) असं छापलेलं नसावं. बघून घ्या. ते नसेल तर त्याला जाण्याआधी प्रोटेक्टरची मंजुरी लागत नाही. लोकांना हा फायदा वाटतो. पण ज्यांच्या पासपोर्टवर तो शिक्का असतो, त्यांचं काँट्रॅक्ट निदान एकदा सरकारी नजरेखालून जातं. तुमच्या मुलाचं जाणार नाही. ती चाळणी तुम्हाला घरीच लावायची आहे.

आता व्हिजिट व्हिसा. सरळ रस्त्याचा क्रम असा असतो. कंपनी तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर पाठवते, मुलगा ते वाचून सही करतो, मग वर्क परमिट आणि प्रवेशाचा परवाना निघतो, आणि मग विमान. तिथे पोचल्यावर मेडिकल, एमिरेट्स आयडी म्हणजे तिथलं ओळखपत्र, आणि राहण्याचा व्हिसा. एजंट यातलं पहिलं आणि शेवटचं पान जोडून मधली सगळी पानं फाडतोय. व्हिजिटवर गेलेल्यांपैकी काहींचा व्हिसा तिथे बदलून मिळतो, हे खोटं नाही, म्हणूनच तर हा धंदा चालतो. पण तो मिळेपर्यंत मुलगा तिथे पर्यटक आहे आणि पर्यटकाला काम करायची परवानगी नाही. त्या दिवसांचा पगार बुडाला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? पकडला गेला तर दंड, परत पाठवणी, पुन्हा प्रवेशाला बंदी, हे सगळं त्याच्या नावावर. एजंट चिपळुणातच असेल.

माझा एक विद्यार्थी असाच गेला होता. हात इतका सफाईदार की त्याने ड्रेसिंग केलेला, म्हणजे आतल्या वायरी नीट बांधून लावलेला डीबी (वीजवाटपाचा बोर्ड) मी पुढच्या बॅचला दाखवायचो. ४० दिवस एका साइटवर राबला, व्हिसा काही लागला नाही, आणि मुदत संपत आल्यावर भावाने इथून पाठवलेल्या पैशांच्या तिकिटावर परत आला. चाळीस दिवसांचे पैसे गेले ते गेलेच. आज त्याचं गावात दुकान आहे, बरं चाललंय, पण कर्ज फेडायला त्याला तीन वर्षं लागली.

खरं ऑफर लेटर आलं तर ते कसं वाचायचं, यावर जरा थांबतो, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. ते अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला कळेल अशा तिसऱ्या भाषेत मिळतं. मराठी त्या यादीत नाही, हिंदी आहे. हिंदीच मागा. मग १८०० च्या आत शिरा. त्यात ‘बेसिक’, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार किती? बेसिक ८०० आणि बाकी हजार भत्ते, असं असेल तर ओव्हरटाइम ८०० वर मोजला जाईल. महिन्याचे ३० दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर तासाला ३.३३ दिरहॅम, त्याच्या सव्वापट म्हणजे ४.१७. बेसिक १४०० असेल तर तोच तास ७.२९ चा होतो. ग्रॅच्युइटीही बेसिकवरच मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक. दोन वर्षांनी येताना एकाला ११२० दिरहॅम मिळतील, दुसऱ्याला १९६०. दोघेही गावात सांगताना ‘अठराशेवर आहे’ असंच सांगतात.

दुसरं म्हणजे हुद्दा. तिथे ‘इलेक्ट्रिशियन’ लिहिलंय की ‘हेल्पर’? काम इलेक्ट्रिशियनचं आणि कागदावर हेल्पर, हा प्रकार सर्रास चालतो. दोन वर्षांनी अनुभवाचं पत्रही हेल्परचंच मिळतं आणि पुढची नोकरी पुन्हा तळातून सुरू होते. राहायची जागा, साइटपर्यंतची बस, जेवण यातलं कंपनी काय देते, तेही लिहून हवं. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात कंपनी १४ दिवसांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकते. म्हणून सांगतो, जो खर्च होईल तो सहा महिन्यांत फिटेल एवढाच असावा.

सर्टिफिकेटांच्या शिक्क्यांवर आत्ताच पैसे घालवू नका. अमिराती अपोस्टिलच्या, म्हणजे एकाच शिक्क्यावर कागद मानून घेण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात नाही, त्यामुळे तिथे राज्याचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि मग त्यांच्या दूतावासाचा, असा लांबचा रस्ता आहे. कंपनीने लेखी मागितलं तरच त्या वाटेला जा. त्यापेक्षा नावाचं स्पेलिंग बघा. पासपोर्ट, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि आधार, तिन्हीकडे अक्षरन् अक्षर तेच हवं. लोट्याच्या कंपनीकडून ॲप्रेंटिसचं पत्र घेतलंय ना? आणि वायरमनचं लायसन्स काढलं नसेल तर वाट बघण्याच्या या महिन्यांत तेही बघावं. दुबई झाली नाही तरी ते इथे उपयोगी पडेल.

हाताच्या तयारीबद्दल मुलालाच दोन शब्द. बाळा, तिथे वायरिंग ब्रिटिश पद्धतीचं आहे. चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा प्लग, ज्याच्या पोटातच फ्यूज असतो, तो एकदा उघडून बघ. मोठ्या साइटवर काम ‘फर्स्ट फिक्स’ आणि ‘सेकंड फिक्स’ असं वाटलेलं असतं: आधी काँड्युट, बॉक्स, वायर ओढणं, मग प्लास्टर-रंगानंतर स्विच, सॉकेट, दिवे. केबल ट्रे, ग्लँडिंग (केबलचं टोक पेटीत घट्ट बसवणं), मेगर (इन्शुलेशन तपासायचं मीटर) घेऊन रीडिंग लिहिणं, हे चिपळुणातल्या घरगुती कामात फारसं येत नाही. ट्रेड टेस्टला नेमकं तेच विचारतात. लोट्यातल्या जुन्या सुपरवायझरकडे चार रविवार जाऊन ते हाताखालून घाल. बोलायला हिंदी पुरते, ड्रॉइंग आणि सुरक्षेच्या सूचना मात्र इंग्रजीत असतात. तेवढे शंभर-दीडशे शब्द वहीत लिहून पाठ केलेस तर फोरमनच्या नजरेत लवकर भरशील. उन्हाळ्याचं भय वाटत असेल तर एवढं सांगतो, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला लावण्याची तिथे बंदी आहे. पण सकाळी दहालाही तिथलं ऊन आपल्या वैशाखापेक्षा कडक असतं.

ताई, आता घरची कामं. छातीचा एक्स-रे इथेच काढून घ्या. तिथल्या मेडिकलमध्ये रक्त आणि छाती तपासतात, आणि जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी माणूस परत येऊ शकतो. ते चारशे-पाचशे रुपयांत इथे कळलेलं बरं. किडलेला दात असेल तर तोही इथेच भरा.

बँकेत जाऊन, तो नोकरीला बाहेर जातोय हे कळवायला लागतं. एनआरओ आणि एनआरई ही बाहेर राहणाऱ्या भारतीयांची खाती. त्याचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं आणि तिथला पगार पाठवायला एनआरई उघडायचं. एनआरईच्या व्याजावर इथे कर नाही. बहुतेक मुलं हे करत नाहीत आणि जुन्याच खात्यात पैसे पाठवत राहतात. तुमच्या स्वतःच्या खात्यावर घरखर्चापुरतं यावं, बाकी त्याच्या नावावर साठावं, हे जाण्याआधीच ठरवा. फोनवर ठरवायला गेलात की भांडणं होतात. बँकेचे ओटीपी ज्या नंबरवर येतात ते सिम बंद पडू देऊ नका. रोमिंग चालू करून तो नंबर मुलाबरोबरच जाऊ द्या.

बॅगेचं आता. मालवणी मसाला द्याल, हे मी न विचारता सांगतो. त्यात खसखस असते आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे, अंमली पदार्थांत धरतात. खसखशीशिवायचा कुटून घ्या. करंज्यांच्या सारणातही घालू नका. विड्याची पानं, गुटखा काही नको. खोकल्याचं कोडीनवालं औषध, झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या शेजारच्या कुणी ‘माझ्या भाच्याला दे’ म्हणून दिल्या तर घेऊ नका, मग कुणाला कितीही राग येवो. दुसऱ्याचं पार्सल अजिबात नाही.

व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण तिथून कॉल लागत नाही. तुमच्या फोनमध्ये बोटिम नावाचं ॲप आत्ताच घालून घ्या आणि एकदा बोलून बघा. पहिल्या आठवड्यात फोन लागला नाही म्हणून घाबरलेल्या आया मी पाहिल्यात.

तिथे पोचल्यावर पासपोर्ट त्याच्या स्वतःजवळ राहायला हवा. कंपनीला तो ठेवून घेता येत नाही. बेकारीचा विमा कामगाराने स्वतः काढायचा असतो. त्याच्या पगाराला महिन्याला ५ दिरहॅम पडतात, काढला नाही तर दंड ४०० चा. सही केलेलं काँट्रॅक्ट, एमिरेट्स आयडी, कॅम्पचा (कामगारांच्या राहायच्या जागेचा) पत्ता आणि खोलीतल्या दोघांचे नंबर यांचे फोटो तुमच्या फोनमध्ये हवेत. दुबईत भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथून फुकट लागणारा नंबर ८०० ४६३४२. तो त्याच्या पाकिटात कागदावर लिहून ठेवा, फोन हरवतो.

आणि नणंदेच्या नातेवाइकाने ‘लेटर उद्या देतो’ म्हटलं, तर उद्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. लेटर खरंच आलं, तर पैसे देण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा, पगाराच्या रकान्याचा नीट दिसेल असा.